टाचेखालचा मुरूम

आमचे साहेब पायाच्या खड्ड्यापाशी आले की आधी बूट काढत. मोजे बुटात खोचत, पँट गुडघ्यापर्यंत वळत आणि अनवाणी खाली उतरत. खाली टाच दाबून गोल फिरवत. टाच रुतली की मान हलवत, "अजून काळी मातीच आहे. मुरूम लागेपर्यंत खणा." जळगावात नगरपालिकेच्या परवान्याचे इंजिनिअर आणखीही होते, पण मजूर यांनाच टाचवाले साहेब म्हणत.

मी गवंडी. शाळा तिसरीत सुटली. कुणापुढे वाकलो नाही, शेटलोकांशीही उभ्यानंच बोललो. पण साहेब वर आले की त्यांच्या पायांवर पाणी मीच घालत असे. मजुराला तांब्या धरू देत नसे.

फी मागायची वेळ आली की साहेबांचे कान लाल होत. एकदा एक डाळीचे व्यापारी म्हणाले, "एका सहीचे एवढे, साहेब? खड्ड्यात काय सोनं ठेवलंय?"

"सोनं सराफ्यात, शेटजी. सही फुकटच आहे. पैसे खाली उतरण्याचे आहेत."

शेटजी हसले आणि फी निम्मीच दिली. साहेबांनी ती न बघता खिशात टाकली न् सायकलवर टांग मारली. पदवीवाला माणूस. त्यांच्या बरोबरीचे लोक सरकारी जीपमधून फिरत होते.

माझा सुरेश धुळ्याला डिप्लोमा करून आला. परवान्यासाठी जुन्या परवानेवाल्याच्या हाताखाली काम केल्याचा दाखला लागे. साहेबांनी त्याला बरोबर हिंडवलं, खड्ड्यात उतरवलं आणि दाखला दिला. "यात माझंही नाव आहे, सुरेश," एवढंच म्हणाले.

परवाना आला, मागोमाग स्कूटर आली. लोक नकाशे घरी आणून देत, हा जेवता जेवता सही करी. एकदा टपरीवर मी साहेबांनाच ऐकवलं, "आमचा सुरेश घर न सोडता कमावतो. तुम्ही अजून सायकलच हाणताय." साहेब बशीत चहा ओतत राहिले. "हुशार आहे," म्हणाले. मला ते कौतुकच वाटलं.

पिंप्राळ्याकडे नवे प्लॉट पडत होते तेव्हाची गोष्ट. दोंडाईच्याच्या एका शेटजींचं दुमजली घर माझ्याकडे होतं. दगड येऊन पडले होते, पाया भरायला घ्यायचा होता. साहेब रस्त्यानं चालले होते, ते थांबले. बूट काढून खाली उतरले. टाच रुतली ती घोट्यापर्यंत.

"मिस्तरी, हे काय?"

"बठ्ठी काळीच शे, साहेब." माझ्या तोंडून घरची बोली निघाली. सगळी काळीच होती, मला काय दिसत नव्हतं? "पण नकाशात पाया एवढाच खोल लिहिलाय."

"सही कोणाची?"

मी थापी दगडावर घासून साफ करू लागलो. बाजूला उभे असलेले शेटजीच बोलले, "यांच्याच पोराची. म्हणून तर काम यांना दिलं."

सुरेशला बोलावणं धाडलं. स्कूटर लावून तो काठावरच उभा राहिला. इथं कधी आला होतास का, मी विचारलं.

"नाना, लोक सहीचे काय देतात ते माहीत आहे ना? तेवढ्यात खड्ड्यात कोण उतरतं?"

"कमीच देतात. ते खरं आहे त्याचं," साहेब खालून म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, जसे काही पैसे त्यांनीच मागितले.

ते वर आले. मी तांब्या भरून पुढं झालो. "राहू द्या, मिस्तरी." मोजे खिशात कोंबून त्यांनी काळ्या मातीचे पाय तसेच बुटात घातले आणि गेले.

त्यांनी दाखला परत मागितला नाही, कुठं तक्रार केली नाही. माझ्या कामावर मात्र पुन्हा कधी आले नाहीत. पुढं मुलीकडे धुळ्याला राहायला गेले, तिथंच वारले. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्या दिवशी त्यांची सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी सुरेशला म्हणालो, "बूट काढ."

"नाना, लोक बघताहेत."

"बघू दे."

तो उतरला. टाच दाबली, माझ्याकडे न बघता वर आला आणि तांब्यासाठी हात पुढं केला. मी तांब्या पालथा केला.

"तसेच घाल," मी म्हणालो.

मातीनं भरलेले पाय मीही धुतले नाहीत. तसाच घरी गेलो.