खिडकीवाले चाचा

लॅपटॉप घ्यायला आलेल्या माणसाला कुठलाही दुकानदार आधी विचारतो, कितीपर्यंतचा दाखवू? आमचे चाचा विचारायचे, "बसतोस कुठं? खिडकी कुठल्या हाताला हाय?" गिऱ्हाईक गोंधळून जायचं. एकानं तर वैतागून सांगितलं होतं, "चाचा, मला लॅपटॉप हवाय, भाड्यानं खोली नकोय." चाचांवर परिणाम शून्य. त्यांनी त्याच्याकडून खिडकी, दार, ट्यूबलाइट सगळं वदवून घेतलं आणि मगच कपाट उघडलं. महाडच्या बाजारात त्यांना खिडकीवाले चाचाच म्हणायचे. नवखी माणसं कधीकधी त्यांच्याकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची चौकशी करायला जायची, आणि चाचा त्यांनाही खरा पत्ता सांगून वर चहा पाजायचे.

मी बिरवाडीची. नवरा कारखान्यात कामाला, आणि मी घरात बसून लग्नपत्रिका, अहवाल असलं टायपिंगचं आणि मांडणीचं काम करते. मार्चमध्ये चवदार तळ्यावर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यांच्यासाठी लहान पुस्तिकाही जुळवून देते. पहिला लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा दुकानात शिरताक्षणी माझी निवड झालेली होती. चकचकीत स्क्रीन, त्यावर लाल जास्वंद, अगदी खुडून घ्यावी अशी. माझी खिडकी पाठीमागे आहे आणि समोरच्या शेडच्या पत्र्यावरून दुपारभर उजेड आत येतो, हे ऐकल्यावर चाचांनी तोच लॅपटॉप उचलला, दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकलं आणि मला रस्त्याकडे पाठ करून बसवलं. जास्वंद गेली. तिच्या जागी माझा घामेजलेला चेहरा, मागची चहाची टपरी आणि एक उभी मिनीडोअर रिक्षा. चाचा म्हणाले, "तोंड बघायला घरात आरसा नाय काय गो?"

मग त्यांनी मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या स्क्रीनचा आणला. त्यात टपरी दिसत नव्हती हे खरं, पण जास्वंदीचाही रंग उतरलेला. चाचांनी ते लपवलं नाही, उलट आधीच सांगितलं. "ह्याच्यात रंग जरा फिके दिसणार. काळा पुरा काळा नाय दिसणार, धुतलेल्या कपड्यागत दिसंल. आता बघून घे. मागाहून माझ्या नावानं बोंबलायचं नाय." मी तोंड पाडून तो घरी आणला आणि आठ दिवस नवऱ्यापाशी कुरकुरले. नंतर एका दुपारी, समोरचा पत्रा तापून चकाकत असताना, माझ्या लक्षात आलं की मी सरळ बसून अनुस्वार तपासते आहे. आधी ज्या टायपिंगच्या दुकानात काम करत होते तिथे मी मान वाकडी करून, हातानं आडोसा करून ते शोधायची. त्यानंतर कुरकुर बंद झाली.

चकचकीत स्क्रीनशी त्यांचं काही वैर नव्हतं. पोलादपूरचा एक लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर मॅट मागत आला होता, कारण कुणीतरी त्याला तोच भारी असतो असं सांगितलं होतं. त्याची कामाची खोली बंद, काळा पडदा लावलेली. चाचांनी त्याला चकचकीतच दिला. "अंधारात बसणार तू. तुझ्या नवरीचा शालू कशाला फिका करतोस?" हे सगळं ते दुबईत नोकरीला असताना शिकले होते. तिथल्या दुकानात दिव्यांचा एवढा झगमगाट, की प्रत्येक वस्तू सुंदर दिसायची. लोक चकाकी बघून घेऊन जायचे आणि दोन दिवसांनी उतरल्या चेहऱ्यानं परत यायचे. चाचा म्हणायचे, "दुकानात बघून घेतलेला माल दुकानातच बरा दिसतो. घरचा उजेड येगळा." महाडला स्वतःचं दुकान टाकल्यावर त्यांनी ट्यूबलाइट दोनच लावल्या, त्यातली एक बहुतेक बंद असायची.

डोंगरातल्या कुडपणच्या गुरुजींचा किस्सा तर सगळ्यांना पाठ होता. गुरुजींना म्हणे खिडकीचं काही सांगताच येईना. घरात मोबाइलला रेंज नव्हती. अंगणात एका दगडाजवळ ती यायची, तिथे बसूनच गुरुजी शाळेची माहिती भरायचे. चाचांना हे पटेना. एका रविवारी दोन लॅपटॉप पिशवीत घालून ते जीपनं थेट कुडपणला गेले, त्या दगडावर बसले, आळीपाळीनं दोन्ही उघडून पाहिले, गुरुजींच्या बायकोनं केलेली भाकरी खाल्ली आणि मॅट ठेवून आले. बाजारात लोकांनी खूप चेष्टा केली. चाचा शांतपणे म्हणाले, "मी काय करू? तिथं आख्खं आभाळच खिडकी हाय."

मार्चच्या स्टॉलआधीचे पंधरा दिवस माझे डोळे चुरचुरत. एवढं एकदा चाचांपाशी बोलले तर दरवर्षी त्या दिवसांत त्यांचा फोन यायला लागला. "स्क्रीनचा उजेड कमी कर, उठ आणि जरा लांबचं बघ." ते फोन करायचे तेव्हा मी नेमकी मान घालून बसलेली असायची. मला वडील लवकर गेले. कुणी आपल्या डोळ्यांची एवढी काळजी करतं याचं मला फार अप्रूप वाटायचं, आणि कदाचित म्हणूनच पुढे जे झालं त्यात माझी जीभ रेटली नाही.

भावाच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला मी तिला चाचांकडे घेऊन गेले. खिडकीची चौकशी झाली, मॅट ठरला, पायरीवर स्टूल आलं. चाचा स्वतः स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ह्याच्यात पण चमक मारतेय. कंपनीवाले मॅटच्या नावावर कायपण खपवाय लागले." मी वाकून पाहिलं. स्क्रीन कोरडी ठणठणीत होती. टपरी नाही, माणसं नाहीत, काही नाही. चाचांनी मला विचारलं, "दिसतेय ना गो तुला?" मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा जाणता माणूस, त्याच्याच पायरीवर, भाचीसमोर त्याला खोटं कसं पाडायचं? मी म्हटलं, "हो चाचा, थोडी आहे." त्यांनी तो मॅट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "दोन्हीत चमकच मारणार, तर मग चकचकीत ने. निदान रंग तरी चांगले." भाचीनं रस्ताभर मला विचारलं, आत्या, कुठे होती चमक? मी तिला गप्प केलं.

त्यानंतर वर्षभर चाचा कंपन्यांना शिव्या घालत राहिले. उन्हातून आल्यावर ते दाराशी थांबत, समोरून गाडी आली की डोळे मिचकावत. स्टूल उचलताना एकदा त्यांनी डावीकडचं टेबल पाडलं, तेव्हा मीच ते उभं केलं आणि जागा अडचणीची आहे असं म्हणाले. मग एका सकाळी बाजारात डाव्या बाजूनं आलेली हातगाडी त्यांना दिसलीच नाही. हात मोडला. मुंब्र्याहून त्यांची मुलगी आली, तिनं हाताबरोबर डोळेही तपासून घेतले. मोतीबिंदू होता, स्क्रीनवर दिसणारी चमक त्याचीच. तो काढता आला. पण त्याच तपासणीत काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यालाही कडेचं दिसेनासं झालेलं. मुलीनं मला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते आता येत नाही. वर्षभर आधी आले असते तर बरंच वाचलं असतं."

मी भेटायला गेले तेव्हा गुरुजी तिथे बसलेले होते. बोलता बोलता कळलं की त्यांनाही चाचांनी असंच विचारलं होतं आणि तेही हो म्हणाले होते. पोलादपूरचा फोटोग्राफरही हो म्हणाला होता. आम्ही सगळ्यांनी मान राखला होता. चाचा ऐकत होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला तवा खरंच दिसली होती चमक?" मी नाही म्हटलं. "मग तू तरी बोलायचं होतंस गो," ते म्हणाले. आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथेच रडले. गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले.

डोळे गेल्याचं दुःख चाचांनी पुन्हा कधी काढलं नाही. त्यांना खाऊ लागलं होतं ते वेगळंच. त्या वर्षात आपण किती जणांना चुकीचा माल दिला? हात गळ्यात बांधलेला असताना त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं आणि आठवून आठवून नावं सांगितली. मी फोन लावायचे, ते बोलायचे. "माझ्या डोळ्याची चूक झाली, घेऊन ये, बदलून देतो." बरेच जण म्हणाले, राहू द्या चाचा, चालतंय. त्यावर ते चिडायचे. "चालतंय म्हणू नको. खिडकी कुठं हाय ते सांग." माझी भाची सगळ्यांत आधी आली. पायरीवर आता मी बसायचे आणि दिसेल ते त्यांना सांगायचे. पहिल्या दिवशी एका स्क्रीनवर मला टपरी स्पष्ट दिसत होती, तरी जुन्या सवयीनं मी "फारशी नाही" म्हणाले. चाचांनी विचारलं, "फारशी म्हंजे किती?" मग मी टपरीवर उभी असलेली माणसं मोजून सांगितली.

सगळे बदलून झाल्यावर दुकान आवरलं. मुलगी त्यांना कायमचं मुंब्र्याला नेणार होती आणि या वेळी ते नको म्हणाले नाहीत. गाडी बाहेर उभी होती. शटरवर चिकटवायचा कागद मी घरून छापून आणते म्हटलं, तर ऐकेनात. "दुकान मी उघडलं, बंद झाल्याचं मीच लिवणार," म्हणाले. प्लास्टर निघालेल्या हातानं, कागदाला नाक लावून, त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग कागद धरून विचारलं, "नीट आलंय?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, जाता जाता एवढं तरी गोड बोल.

"नाही चाचा," मी म्हटलं. "दुसरी ओळ पहिलीवर चढलीय. वाचता येत नाही."

मग त्यांनी कोरा कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि पेन पुढे केलं. "मग तू लिव्ह," म्हणाले. मी त्यांच्या डाव्या हाताला, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला उभी होते आणि पेन त्यांनी उजवीकडे धरलं होतं. मी काही न बोलता टेबलाला वळसा घालून तिथे गेले आणि ते घेतलं.