बुळकांडी झालेला बैल

बैल विकत घ्यायचा म्हटलं की लोक दात बघतात, शिंगं बघतात. निरवांगीची आमची चुलती दगडाबाई आधी एकच विचारायची, "ह्याला बुळकांडी हून गेलीय का?" बुळकांडी म्हणजे गुरांचा काळच. तोंडात फोड, रक्ताची हगवण, अन् आठवड्यात गोठा मोकळा! पण त्यातून वाचलेल्या जनावराला ती पुन्हा होत नाही, हे चुलतीनं माहेरी पाहिलं होतं. म्हणून हडकुळा का असेना, असाच बैल तिला पसंत. शेजारचे सर्जेराव चिडवायचे, "वैनी, सूनबी आजारातनं उठलेलीच आणणार काय?"

एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराला गुरांचे डॉक्टर लस घेऊन गावात आले. शेळीच्या अंगात वाढवून नरम केलेली बुळकांडी सुईनं टोचायची, म्हणे. धडधाकट जनावराला रोग टोचायचा? गावानं कानांवर हात ठेवले. चुलती मात्र जागची उठलीच.

"म्हंजी चोराचं त्वांड अंगाला आधीच दावून ठिवायचं!"

"अगदी तसंच," डॉक्टर हसले. "रक्त ती ओळख विसरत नाही. खरा रोग आला की लगेच तुटून पडतं."

तिनं पहिल्यांदा पुढं केला तो पाखऱ्या, घरच्या गाईचा खोंड, तिचा जीव की प्राण. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, वैरण सुटली. "हातानं मारलासा," सर्जेराव म्हणाले. चुलती त्याच्यापाशी बसून राहिली. पाचव्या दिवशी पाखऱ्यानं कडबा ओढला.

महिन्याभरात खरी बुळकांडी सर्जेरावांच्या गोठ्यात शिरली. दोन बैल गेले. तिसरा तापानं फणफणलेला, दावं तोडून आमच्या अंगणात आला आणि पाखऱ्याच्या गव्हाणीत तोंड घालून उभा राहिला. पाखऱ्या त्याचं नाक चाटत होता!

आता रोग उठतो का, पंधरा दिवस वाट बघायची. चुलती रोज सकाळी पाखऱ्याचा जबडा उघडून फोड शोधायची. शोधता शोधता त्याच्याशी बोलायची, "वळखलंस न्हवं? मग हाण त्याला, सोडू नगंस!"

सोळाव्या सकाळी भुकेल्या पाखऱ्यानं तिला अशी ढुशी दिली की ती थेट गव्हाणीत पडली. पडल्या पडल्या हसत सुटली, अख्खी आळी गोळा झाली. आम्हाला कोण आनंद झाला होता!

सर्जेराव मागं उभे होते. तिसरा बैलही गेला होता. लांब मळ्यात बांधलेली एक कालवड तेवढी उरली होती.

"वैनी, त्यो डागदर परत कवा यायचा हाय?"

"आज दुपारी," चुलती डोक्यावरचा कडबा झटकत म्हणाली. "तुमच्या कालवडीसाठी म्या परवाच सांगावा धाडलाय."