भरतीनं धरून ठेवलेली दुपार

पोलीस खात्यातल्या माणसाला भीती वाटत नाही, असा लोकांचा समज असतो. तो तसाच राहावा म्हणून आम्हीही मिशा वळवून फिरतो. पण एकोणीसशे सत्तर-बाहत्तरच्या सुमारास माझ्यावर असा काळ आला, की सकाळी अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा तसाच हातात धरून मी बसून राहायचो. माझी पत्नी सुशीला श्रावणात गेली. त्यानंतर तीन महिने मी अंबाबाईच्या देवळाची पायरी चढलो नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून देऊळ चालत दहा मिनिटांवर, पण मी कचेरीला जातानासुद्धा मुद्दाम दुसऱ्या वाटेनं जायचो.

देवावर रागावलो होतो म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. मी स्वतःलाच भीत होतो. सुशीला अंथरुणाला खिळली तेव्हा मी जोतिबाला नवस बोललो होतो, की ही बरी झाली तर घरापासून डोंगरापर्यंत अनवाणी येईन. आता माझा स्वभाव असा, की पोटात काही राहत नाही. कचेरीत, तालमीत, चहाच्या गाड्यावर, भेटेल त्याला मी तो नवस सांगत सुटलो. ती गेल्यावर दहाव्याच्या दिवशी आमची थोरली अक्का रडता रडता म्हणाली, "नवस असा गावभर सांगत्यात व्हय रं? बोलून दाखवला की फळत न्हाई." अक्का बोलून गेली आणि विसरलीही असेल. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं. माझ्या तोंडापायी माझी बायको गेली, असंच मी धरून चाललो होतो.

अशात वरिष्ठांनी मला घाट उतरून एका बंदराच्या गावी पाठवलं. कोल्हापुरातल्या एका गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी तिथल्या वखारीत मारले गेले होते. दुपारी तीनच्या सुमारास, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, कुणीतरी डोक्यात पहार घातली होती. तिथले फौजदार हिवतापानं आजारी, मयत आमच्याकडचा आणि संशयितही आमच्याच बाजूचा, म्हणून तपास माझ्या गळ्यात पडला. संशयित म्हणजे बिद्रीकडचा ट्रक ड्रायव्हर म्हादू. गुळाचा ट्रक त्यानंच खाली आणला होता. त्याला त्याच दिवशी परत फिरायचं होतं, दिवाणजी सोडायला तयार नव्हते, आणि त्यावरून सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्या बंदरानं ऐकलं होतं. अकरानंतर म्हादू दिसेनासा झाला तो थेट दिवेलागणीला उगवला. विजार गुडघ्यापर्यंत ओली. त्या दुपारी कुठं होतास, या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं.

"सायेब, मारा, न्हायतर फासावर द्या. पर त्या दुपारी कुठं गेलतो त्येवढं इचारू नगा," एवढंच तो म्हणायचा. बारा दिवस मी विचारत राहिलो, आधी समजावून, मग आवाज चढवून. तेराव्या दिवशी मी त्याला पट्ट्यानं मारलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते लपवायचं असेल तर बाकीचं लिहूच नये. त्याचं मिटलेलं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरायचं. ज्याला तोंड मिटून ठेवता येतं त्याचा मला हेवा वाटत होता, हे मला फार उशिरा उमगलं.

चौदावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं आणि कोल्हापूरहून ट्रंक कॉलवर ट्रंक कॉल येत होते. सकाळी मी आमच्या हवालदारांना बोलावलं. ते माझ्याबरोबरच घाट उतरून आलेले, वयानं माझ्याहून वडील. त्यांना म्हणालो, "मी जरा फिरून येतो. तोवर याला बोलता करा. काय वाट्टेल ते करा." आणि चौकीबाहेर पडलो.

पाय समुद्राकडंच का वळले, सांगता येत नाही. समुद्र मला नकोसा होता. मी उतरलो होतो त्या खोलीत त्याचा आवाज सारखा भिंतीतून यायचा आणि मी उशी कानावर ओढून घ्यायचो. तरी किनाऱ्यानं चालत राहिलो. पुढं पाण्यात एक खडकाळ बेट होतं, त्यावर देवीचं कौलारू देऊळ, आणि तिथवर गेलेली ओल्या वाळूची चांगली रुंद वाट. मनात आलं, जावं आणि हिला तोंडावर विचारावं, माझं माणूस का नेलंस. भांडायलाच निघालो होतो मी. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. त्या गावच्या माणसाला तेवढ्यावरून काय ते कळलं असतं. मी पडलो पंचगंगेकाठचा. आमच्या नदीला पाणी चढतं ते पावसाळ्यात, आणि घाटाची एकेक पायरी मोजत चढतं. रोज दोनदा वाट गिळणारं पाणी माझ्या गावीही नव्हतं.

देवीपुढं मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. तासभर बसलो असेन. बाहेर आलो तर वाट नाही. जिथून कोरड्या चपलांनी आलो होतो तिथं लाटा फुटत होत्या. गुडघाभर असेल म्हणून उतरलो, तर पाणी कमरेला लागलं आणि पायाखालची वाळू कुणी खेचून घ्यावी तशी निसटायला लागली. मी ओरडलो. कुणाला हाक मारली तेही आठवत नाही.

"खंय चललास? भरती इली. आता सांज जायसर हयच बस!" मागून दरडावल्यासारखा आवाज आला. देवळाची झाडलोट करणारी म्हातारी होती. देवळामागं खोपटात एकटीच राहायची, गावात क्वचित जायची. तिनं मला हाताला धरून खडकावर ओढलं. घाटावरची माणसं समुद्राला नदी समजतात म्हणून पोटभर हसली.

मला हसू येईना. संध्याकाळपर्यंत इथून सुटका नाही म्हटल्यावर मला एकदम चौकी आठवली. मी हवालदारांना काय सांगून आलो होतो? काय वाट्टेल ते करा. पट्ट्याखाली माणूस जातो, हे मी नोकरीत एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. समोर किनारा दिसत होता, कौलं दिसत होती, चौकीचा झेंडासुद्धा दिसत होता, आणि माझा शब्द परत घ्यायला मला तिथं पोचता येत नव्हतं. मी हातवारे केले, रुमाल हलवला, घसा बसेपर्यंत ओरडलो. वारा उलटा होता. शेवटी गाभाऱ्यासमोर जाऊन पडलो. सकाळी भांडायला आलेला मी, आता एवढंच म्हणत होतो, आई, त्या माणसाला सांभाळ, माझ्या हातून आणखी एक जीव जाऊ देऊ नकोस. सुशीला गेल्यापासून मी मागितलेलं ते पहिलं मागणं.

दुपारी म्हातारीनं मला पेज दिली. माझा हात वाटीपर्यंत जाईना. ती सहज म्हणाली, "गेल्या पंचमेक असोच एक घाटावरचो अडाकलो होतो. पोरीच्या नावान नवस करूक इल्लो. तोय असोच रडा होतो."

मी दिवस मोजले. दिवाणजींचा खून झाला ती पंचमीच होती. पंधरा दिवसांनी पुन्हा पंचमी आली होती, आणि भरतीची वेळही तीच. मी विचारलं, दिसायला कसा होता? डाव्या भुवईवर जुना वण, म्हातारी म्हणाली. अकराच्या सुमारास आला, माझ्यासारखाच फसला, आणि पाणी उतरल्यावर दिवेलागणीला गेला. म्हणजे वखारीत पहार उठली तेव्हा म्हादूच्या चारी बाजूंनी समुद्र होता. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. उलट भीती दुप्पट झाली, कारण मी ज्याला पट्ट्याच्या हवाली करून आलो होतो तो निरपराध आहे, हे आता मला ठाऊक होतं.

"कुठं बोलू नको, बोललीस तर पोरगी जाईल, असं तो म्हणाला असेल की," मी म्हणालो. म्हातारीनं मान हलवली. मग मला कसं सांगितलंस, असं विचारल्यावर ती माझ्याकडं खुळ्याकडं पाहावं तशी बघत राहिली. "देवीक सगळा म्हायत आसा. पोर जगूचा काय मरूचा, ता काय माझ्या जिभेर आसा?"

मी तोंडावर हात घेऊन रडलो. किती वेळ, माहीत नाही. त्या बाईला माझ्याबद्दल काहीही ठाऊक नव्हतं.

पाणी उतरलं तसा मी धावत सुटलो. चौकीच्या ओसरीवर हवालदार बसले होते. पट्टा बाकावर पडलेला. त्यांची मान खाली होती. माझ्या मनात नको ते आलं. "हातच उचलंना, सायेब," ते म्हणाले. "दोनदा पट्टा घेतला, दोनदा ठेवला. का, त्ये मला बी सांगता यायचं न्हाई. काय शिक्षा करायची ती करा." मी त्यांना मिठी मारली. फौजदारानं हवालदाराला मिठी मारलेली त्या चौकीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

आत जाऊन मी म्हादूसमोर जमिनीवर बसलो. "तू कुठं होतास ते मला कळलंय. तू बोलू नकोस," एवढंच म्हणालो आणि चुकलो म्हणून हात जोडले. त्यानं माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाला, "मारलं त्ये मारलं. पर माझ्या तोंडातनं काढलं न्हाईसा, त्येवढं ब्येस झालं." जगणं-मरणं जिभेवर नसतं, हे म्हातारीचं बोलणं त्याला सांगावं असं वाटलं, पण राहू दिलं. ज्याचा त्याचा आधार असतो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला म्हातारीचा जबाब घेतला आणि म्हादू सुटला. खून दिवाणजींच्या मागावर घाट उतरून आलेल्या त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं केला होता, घरच्या वैरातून. आठवड्याभरात त्यानं कबूल केलं, आणि त्याच्यावर हात उगारावा लागला नाही.

चैत्रात म्हादू बायको आणि पोरीला घेऊन आमच्या घरी आला. पोरगी बरी झाली होती, नवस फेडून ते तिघं परत चालले होते. खोटं कशाला बोलू, तिला पाहून पहिल्यांदा हेवाच वाटला. त्याची वाचली, मग माझी का नाही? या प्रश्नाचं उत्तर मला त्या बेटावर मिळालं नव्हतं आणि आजही मिळालेलं नाही. पण आता मी ते मागत नाही. जे माझ्या हातात नव्हतं त्याचा दोष मी महिनोन्महिने वाहिला, आणि जे माझ्या हातात होतं, तो पट्टा, त्याचा मात्र विचार केला नाही. माझ्यासारख्या माणसाला एक दुपार पाण्यात कोंडून आईनं हे शिकवलं, ही तिची केवढी दया.

पोरगी वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. याच हातानं मी तिच्या बापाला मारलं होतं. तो हात उचलावा असं मला वाटेना, आणि ती पोरही तशीच वाकून उभी राहिली.