लिहिलं की मेलं

कुणी पेन काढलं की काका पुढे होऊन त्याचं टोपण लावून टाकायचे. "खिशात ठेव. लिहिलं की मेलं."

दुबईत, अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आणि काकू चौथ्या मजल्यावर राहायचे. पोटासाठी एसीच्या डक्टची एस्टिमेट्स. जीव मात्र दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या जर्मन टोळ्यांत अडकलेला. त्यांचे भाट म्हणे लांबच लांब काव्यं कागदाशिवाय म्हणत. ओळीतले मुख्य शब्द एकाच अक्षराने सुरू करायचे, म्हणजे एक आठवला की पुढचा मागोमाग येतो. लिफ्टमध्ये सापडलात तर तळमजल्यापर्यंत हे ऐकावंच लागे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एक असेलच, फक्त विषय वेगळा.

इथे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी गाशा गुंडाळतंच. प्रत्येक सेंड-ऑफला काका उभे राहून जाणाऱ्यावर तशीच ओळ म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टला म्हणाले, "दातांचा दर्दी, दुबईला दमला, दापोलीला दडणार." त्याची बायको आधी हसली, मग रडायलाच लागली.

त्या टोळ्यांच्या तोंडी 'प'चा 'फ' झाला, म्हणून आपल्या पित्याचा तिकडचा भाऊ फादर, हे ते इतक्या अभिमानाने सांगत की जणू यांनीच केला. पण मी चुकून इथल्या अरबांसारखं 'हबीबी', म्हणजे 'माझ्या लाडक्या', म्हटलं की भडकायचे. म्हणजे टोळ्यांनी भाषा बदलली तर इतिहास, आणि आम्ही बदलली तर आळस! मी हे एकदा बोलूनही दाखवलं, तर दोन दिवस अबोला.

गेल्या वर्षी एका सेंड-ऑफला काका ओळीच्या मध्येच थांबले, पाणी प्यायले आणि खाली बसले. आम्हाला वाटलं, नाटक करताहेत. पुढे महिनाभरात कंपनीने त्यांना निवृत्त केलं. आता यांच्यावर ओळ कोण म्हणणार? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त मीच सापडलो होतो ना.

आठ दिवस खपून मी ती कागदावर उतरवली. हॉलमध्ये कागद उघडतोय तोच काकांनी तो काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"तोंडाने," म्हणाले.

मी सुरुवात केली. "हट्टी हा, हेकट हा..." पुढे 'हळवा' होतं, ते काही केल्या आठवेना, आणि निसटलं भलतंच. "...हबीबी हा आमचा. हा हलला की हॉल होईल हिरमुसला."

आता खैर नाही, म्हणून मी डोळे मिटले. काकांनी मला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

परवा काकूंनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉल लावला. काका खुर्चीत, जरा वाळलेले. मागे भिंतीवर फ्रेममध्ये माझा तोच कागद. मला चेव आला. "काका, लिहिलं की मेलं ना?"

ते हसले. "हल्ली राहत नाही रे लक्षात. रोज वाचतो."

काकूंनी फोन भिंतीजवळ नेला. माझ्या अक्षरातला 'हळवा' खोडलेला होता. त्याच्यावर पेनाने काकांनी लिहिलं होतं: हबीबी.