अक्कांचा अंगठा

अन्वी, निशाद,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा होते तोवर त्यांना नाही, तुमच्या बाबांना नाही. तुमच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवतात तेवढ्या मराठीत बसेल असं लिहायचा प्रयत्न करते. अडेल तिथं थांबा, शब्द शोधा, दोन दिवस लागले तरी चालेल — पण हे कुणाकडून वाचून घेऊ नका. स्वतःच वाचा. असं का म्हणते ते पुढं कळेल.

आत्ताच का लिहिते? कारण तुम्ही डिसेंबरात येणार आहात आणि नळदुर्गच्या त्या इतिहास-फेरीत तुमची नावं घातली आहेत. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष, रझाकारांची दहशत, मग सोलापूरकडून आलेली फौज — हे सगळं गावातून पायी चालत दाखवतात. तुम्ही मला लिहिलंत, "आजी, तू आधी जाऊन बघ, बाबांच्या गुडघ्याला झेपेल का." आणि अन्वी, तू खाली लिहिलंस की शाळेत तू पणजीवर निबंध लिहिणार आहेस. मिरच्यांच्या दुरडीतून काडतुसं आणणारी पणजी.

म्हणून मी गेले. उमरग्याहून सकाळची एसटी, हातात वही. माझी सवय तुम्हाला माहीत आहे — वेळ, पायऱ्या, पाणी, सावली, सगळं लिहून घेतलं. आम्ही तेराजण होतो. माहिती सांगणारी मुलगी इतिहासात एम.ए. करते, आवाज खणखणीत. किल्ल्याच्या दरवाजातून सुरुवात झाली. बोरी नदीवरच्या पुलाजवळ ती थांबली आणि फौज कुठून आली ते हात करून दाखवलं. मग बाजारपेठेतून आत वळलो, आणि मला कळलं की ही फेरी आमच्याच गल्लीत संपणार आहे.

आमचं घर आता आमचं नाही. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भिंतीवर एक निळी पाटी लावली आहे आणि तिच्यावर माझ्या सासूबाईंचं नाव आहे — भागीरथीबाई.

मुलीनं सांगायला सुरुवात केली. हद्दीपलीकडं तरुणांचा कॅम्प होता. तिथून काडतुसं आणायची होती आणि मध्ये करोडगिरीचा नाका होता — निजामाची जकात घेणारी चौकी. भागीरथीबाईंनी तळाशी काडतुसं घातली, वर वाळलेल्या मिरच्या. दुरडी डोक्यावर, चार वर्षांचा मुलगा कडेवर. नाक्यावर दोन शिपाई होते. एकानं दुरडीकडं हात नेला तेव्हा बाईंनी मुलाला चिमटा काढला. पोरानं भोकाड पसरलं, मिरचीच्या खाटानं शिपाई शिंकायला लागला, आणि वैतागून म्हणाला, जा बाई, जा.

लोक हसले. एकजण म्हणाला, "सासू असावी तर अशी." मी वहीत लिहिलं — शेवटचा टप्पा, सावली नाही.

दोन शिपाई. एक नाही, दोन. तो तपशील किती बरोबर आहे हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. कारण तो तपशील मीच दुरुस्त केला होता.

कडेवरचा तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. एवढं खरं आहे. पण ती बाई सासूबाई नव्हत्या. सासूबाईंनी त्या दिवशी दाराला आतून कडी घातली होती — भीतीनं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. दुरडी आणली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. आजोबांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, सास्तूरहून नुकत्याच नांदायला आलेल्या. त्यांचं नाव कस्तुराबाई. मी त्यांना अक्का म्हणायची.

आता हळूहळू सांगते. एकदम सांगता येत नाही.

मी लग्न होऊन आले ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. गल्लीतली पहिली. हायस्कूलात शिकवायला लागले. अक्कांना अक्षर माहीत नव्हतं. त्यांच्या भावाची पत्रं मी वाचायची, उत्तरं मी लिहायची. त्या मला मास्तरीनबाई म्हणायच्या, चेष्टेनं, पण अभिमानानंही. माझ्या वाटणीचं दूध बाजूला काढून ठेवायच्या. मला त्या कधी एक वाईट शब्द बोलल्या असतील? आठवून बघते. नाही.

मग कशाचा राग होता मला?

तुमचे आजोबा पहिली भाकरी अक्कांच्या हातची खायचे. टायफॉइडमध्ये भ्रमात होते तेव्हा त्यांनी हाक मारली ती "वैनी". मी उशाशी बसले होते. आणि दरवर्षी सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करून आले की चार माणसांत ती दुरडीची गोष्ट सांगायचे. कडेवरच्या पोराची नक्कल करायचे. अक्का आतून म्हणायच्या, "चिमटा न्हाय, दोन चिमटं काढल्याते. पयल्या चिमट्याला रडलंच न्हाय ते." सगळे हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची.

त्या गोष्टीत ते होते, अक्का होत्या, शिपाई होते, मिरच्यासुद्धा होत्या. मी नव्हते. मी तेव्हा जन्मलेलेच नव्हते — यात अक्कांचा काय दोष? पण मला वाटायचं, माझ्याजवळ पदवी आहे, नोकरी आहे, टापटीप आहे, आणि या न शिकलेल्या बाईजवळ एक दुपार आहे. आणि त्या दुपारपुढं माझं सगळं आयुष्य हलकं. तीस वर्षं मी हे गिळत होते का? नाही. तीस वर्षं मी ते जपत होते. खरा शब्द तोच आहे.

मुक्तीला पन्नास वर्षं होत आली तेव्हा गावातल्या मंडळींनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं. बायकांचे जबाब उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. अक्षर चांगलं म्हणून. अक्कांनी दोन दुपारी सांगितलं, मी कच्चं लिहून घेतलं — त्यांच्याच शब्दांत. मग एका रविवारी पक्की प्रत करायला बसले. आणि जिथं "मी" लिहायचं होतं तिथं माझं पेन थांबलं.

मी लिहिलं, "माझ्या सासूबाई."

पुढचं सोपं गेलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठ्यांचा मान म्हणून कुणी शंकाही घेणार नव्हतं. कागदावर अक्का स्वतःच साक्ष देत होत्या की हे सगळं सासूबाईंनी केलं.

पण जबाब वाचून दाखवून खाली अंगठा घ्यायचा होता. मी तो वाचून दाखवला. कागदावर "सासूबाई", तोंडात "मी". एकदाही अडखळले नाही. शाळेत वीस-बावीस वर्षं मी तेच करत होते ना — डोळ्यासमोर इंग्रजी धडा, तोंडात मराठी. डोळ्यांनी एक वाचायचं आणि तोंडानं दुसरं बोलायचं, याचा मला सराव होता. चांगला सराव होता.

अक्का पाटावर बसून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "एक शिपाई न्हवं गं, दोन हुते. त्ये नीट घाल. उगं खोटं नको."

मी म्हटलं, "घालते." आणि खरंच घातलं. एकाचे दोन केले.

मग शाळेतून आणलेल्या शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा मीच दाबला, कागदावर मीच टेकवला, आणि खोबरेल लावून पुसूनही मीच दिला.

पुस्तक निघालं. शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम झाला. सासूबाईंच्या फोटोला हार घातला, जबाब मोठ्यानं वाचला गेला. अक्का पहिल्या रांगेत होत्या, नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, अक्कांनीच सांगितलं तसं लिहायला, सासूबाईंचा मान म्हणून. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "वैनी तशीच आहे." म्हणजे बघा, जे काढून घ्यायला गेले ते मीच अक्कांच्या पदरात दुप्पट टाकलं. आणि त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "मास्तरीनबाई, वाचलंस तवा येगळं हुतं."

मी म्हटलं, "तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल, अक्का."

त्यांनी परातीत पीठ घेतलं. पुन्हा तो विषय काढला नाही. आजोबांनाही सांगितलं नाही, नाहीतर मला कळलंच असतं. फक्त त्यानंतर भावाचं पत्र आलं की ते समोरच्या हमीदाआपांकडं घेऊन जायच्या आणि त्यांच्या नातीकडून वाचून घ्यायच्या. माझ्या दारावरून. अक्का जाईपर्यंत नऊ वर्षं हे असंच चाललं. माझ्या वाटणीचं दूध मात्र बाजूला काढून ठेवायच्या.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण फेरीचं अजून राहिलं आहे.

हमीदाआपा अजून आहेत. नव्वदीला टेकल्या आहेत. बांगड्यांचं दुकान नातू बघतो, त्या ओट्यावर बसून असतात. मुलीचं सांगून झालं तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "सास नव्हती ती, बेटी. कस्तुरावैनी होती. टोपली मैंच उतरवली. मिरच्यांत हात घालून गोळ्या काढल्या, दो दिन हाथां जलते थे मेरे."

मुलगी नम्र होती. म्हणाली, "आजी, आमच्याकडं लेखी आहे. त्यांच्या सुनेचाच जबाब आहे, खाली अंगठा आहे." मग तिनं माझ्याकडं बघितलं. एसटीतून उतरल्यावर मीच तिला माझी ओळख सांगितली होती. "काकू, तुम्ही त्याच घरातल्या. तुम्हीच सांगा."

बाकीचे बाराजण माझ्याकडं बघत होते. आपाही. मला काय वाटलं सांगू? मला आपांचा हेवा वाटला. त्यांचे हात जळले होते. त्यांनाही त्या गोष्टीत जागा होती. पंचाहत्तर वर्षांची बाई मी, अक्का जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला पहिल्यांदा हेच वाटलं.

मी म्हटलं, "लिहिलंय तेच बरोबर."

आपा म्हणाल्या, "व्हय, लिहायला तर ह्याच होत्या." आणि तोंड फिरवलं. कुणाला काही कळलं नाही. एका मुलानं पाटीसमोर सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मी डावीकडून तिसरी आहे.

या पत्राची एक प्रत मी त्या मुलीला पाठवली आहे, दुसरी तुमच्या बाबांना. तुम्ही माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवा, मी काही मागत नाही. चढ फारसा नाही, बाबांच्या गुडघ्याला झेपेल. पाणी बरोबर ठेवा.

आणि एक. मी काही टाकून देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अक्कांनी सांगितलं तसं उतरवलेली कच्ची प्रत माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, खाकी फाईलमध्ये. अकरा पानं. पहिलं वाक्य असं आहे — "म्या मिरच्याची दुरडी डोक्यावर घेतली अन् धाकल्याला कडंला." शाई थोडी उडाली आहे. वाचता येते.