देव कोणत्या शिफ्टला येतो?

माफीपत्र टाइप होऊन टेबलावर आलं होतं. फक्त माझी सही बाकी होती. ‘धार्मिक विषय चुकीच्या पद्धतीने शिकवून देवाचा अवमान होऊ दिल्याबद्दल’ मी क्षमा मागायची होती. नाही मागितली, तर सिनिअर केजीचा वर्ग माझ्याकडून जाणार. बारा वर्षं मी भोसरीत लहान मुलांना शिकवते आहे. मटकीने देवाचा अवमान होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याचा विषय होता ‘देवाची शक्ती’. लेसन प्लॅनमध्ये, म्हणजे कधी काय शिकवायचं त्या तक्त्यात, एक श्लोक आणि रंगवायला एक चित्र दिलं होतं. पाच वर्षांच्या मुलाला ‘सर्वशक्तिमान’ हा शब्द पाठ होतो, कळत नाही. म्हणून मी अ‍ॅक्टिव्हिटी घेतली. म्हणजे मुलांनी हाताने करून बघायचं आणि बाईंनी कमी बोलायचं. दुसरा भाग मला जड जातो.

सोमवारी मटकी भिजवली. मंगळवारी प्रत्येकाने ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधली. अर्ध्या वर्गाने गणवेशही भिजवून घेतला. बुधवारी आधी कोरडी मटकी वाटली आणि म्हटलं, “यातून मोड काढून दाखवा बरं.” मुलांनी नखं लावली, दात लावले. कुणालाच जमेना. मग पुरचुंड्या सोडल्या. एवढा आरडाओरडा झाला, की राउंडवर असलेले ट्रस्टी साहेब आत आले.

“कुणी काढले हे मोड?” त्यांनी कौतुकाने विचारलं.

“देवानं!” सगळा वर्ग ओरडला.

“शाब्बास! कधी काढले?”

श्रेया उठून उभी राहिली. “नाईट शिफ्टला. आपण घरी गेलो, की देव कामावर येतो.”

कुणीही हसलं नाही. निम्म्या मुलांचे वडील एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यांना ते लगेच पटलं. साहेबांचा चेहरा मात्र पडला. “देवाला कामगार केलंत? हे शिकवता तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माफीपत्र आलं.

“सही करून मोकळ्या व्हा हो,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “श्रेयाच्या वडिलांनाही बोलावलंय. मुलीला समज द्यायला सांगू.”

इथे माझं डोकं फिरलं. मला काय बोलायचं ते बोला. त्या पोरीने काय गुन्हा केला होता?

वडील नाईट करून थेट आले होते, कंपनीच्या गणवेशात. लातूरकडचे, लेथवर काम करणारे. साहेबांनी सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

“साहेब, लेकरू मला देव म्हणालं नाही,” ते शेवटी म्हणाले. “देव माझ्यावाणी राबतो म्हणालं. यात देवाचं काय कमी झालं?”

साहेबांनी माफीपत्र माझ्याकडे सरकवलं. मी पेन उचललं, माफीच्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘मुलीचं उत्तर बरोबर आहे. माझी कसलीही चूक नाही.’ त्याखाली ठसठशीत सही केली.

वर्ग गेलाच. आता माझ्याकडे नर्सरी आहे. वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही. पण श्रेयाला समज कुणी दिली नाही.

मुलांना प्रश्न विचारायचा, तर येईल ते उत्तर ऐकायची तयारी हवी. ती नसेल, तर श्लोक पाठ करून घ्यावा आणि घरी जावं. मी प्रश्नच विचारणार.