पायरीवरची चांदणी

आमचं गाव भोकरदनच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. त्या साली श्रावण सरत आल्ता अन् दिवेलागणीला डोंगरावर उजेड दिसायला लागले. कधी दोन, कधी चार. पांढरे, मधूनच लाल. विमान कसं सरळ निघून जातं. हे मात्र बराबर गावाच्या डोक्यावर येऊन थांबायचे, मंग मक्याच्या शेतावरून खाली उतरल्यासारखं करून गडप व्हायचे. माझी तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली तरी मी अंगणातच उभी. ते काय होतं ते तेव्हा कळलं न्हाई अन् आजही मला सांगता येत न्हाई.

गावात मात्र सगळ्यांना कळलेलं होतं. माझा थोरला म्हणे, "चोरट्यांचं ड्रोन हाय. कोणाच्या घराला कुलूप हाय ते वरून बघतेत." दुसरा एक म्हणे, सरकार जमिनी मोजून राह्यलं. त्यावर पारावरचा म्हातारा म्हणाला, "तुझ्याकडं मोजायला काय हाय रे, दोन शेळ्या अन् एक बायको!" तेवढ्यापुरते सगळे हसले. पण ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दुसऱ्या गावचे व्हिडिओ यायचे, अन् त्यात कोणाला तरी धरून मारलेलं असायचं. मंग आमच्याही पोरांनी काठ्या घेतल्या, शिट्ट्या घेतल्या. माझा थोरला त्यांचा पुढारी. देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, परक्या माणसाला गावात थारा देऊ नका.

पोळा झाला अन् टाकीवाली आली. दरसाल यायची. पाटे, जाती गुळगुळीत झाली की छिन्नी-हातोडीनं टाकी मारून परत खरबरीत करून द्यायची. एकटीच बाई, संगं एक शेळी. ओढ्याच्या कडेला पाल टाकायची. बारा-चौदा वर्षांची ओळख आमची. पाटा टाकवून झाला की कोपऱ्यात छोटी चांदणी कोरायची, म्हणायची, "ही माझी सही, आक्का. मला लिहिता कुठं येतं!"

भोंग्याचं ऐकून ती पाल उचलायला लागली तर मीच म्हणाले, "बस गं. मी हाय ना." थोरल्याला सांगून चार दिवसांची परवानगी काढली.

आता खरी गोष्ट सांगते. घर नवं बांधलं तेव्हा थोरल्यानं दाराला काळ्या दगडाची चकाचक पायरी बसवली होती. तोंड दिसेल अशी. सून रोज पुसायची. मी मात्र तिच्यावरून दोनदा घसरून पडले. म्हणून एका दुपारी दोघं शेतात गेल्ते तेव्हा मी टाकीवालीला म्हणाले, "जरा ह्या पायरीला टाकी मार बाई, कंबर मोडायची माझी." तिनं मारली. अन् सवयीनं कोपऱ्यात चांदणी काढली. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी बघितलं, त्यांनीही आपापल्या पायऱ्या टाकवून घेतल्या. थोरला ओरडेल म्हणून मी पायरीवर पोतं टाकलं. म्हटलं, सांगू सवडीनं.

त्याच दिवशी सांजेला उजेड आले ते नेमके आमच्या गल्लीवर येऊन थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं झटकायला पोतं उचललं.

"माय, हे कव्हा झालं?"

पायरीपायी सून चार दिवस बोलणार न्हाई, पोरगा भांडी आपटेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "मला काय म्हाईत."

तो शेजारी गेला. तिथं चांदणी. पलीकडं चांदणी. "खुणा केल्यात! वरून बघणाऱ्यांना घरं दाखवून राह्यली ती!" दोन्ही म्हाताऱ्या माझ्या तोंडाकडं बघत राह्यल्या. मी गप्प, म्हणून त्याही गप्प.

चहा व्हायच्या आत तिला ओढत आमच्या दारात आणली. तिला आधी गंमतच वाटली. "वरून कोण बघल बाबा? देव बघल." त्यावर पहिली थप्पड बसली. मंग ती माझ्याकडं वळली. "आक्का, सांगा ना ह्यास्नी. पाय घसरतो म्हणून तुम्हीच म्हणलात ना?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. आता पायरीची गोष्ट राह्यली नव्हती. हो म्हणाले असते तर मीच चोरट्यांना सामील ठरले असते, असं वाटलं. आज वाटतं, आईला कोण मारणार होतं? फार तर शिव्या बसल्या असत्या. पण मी म्हणाले, "खोटं बोलून राह्यली ती."

माझ्या पोरानं तिचा उजवा हात त्याच पायरीवर दाबून धरला. हातोडी तिचीच. मी डोळे मिटले, पण कान कसे मिटणार? एकानं सगळं मोबाईलवर घेतलं. त्यात मागं मी दिसते, तोंडाला पदर लावलेली. दिसायला दयाळू दिसते.

तिला गावाबाहेर हाकललं, तिचं पाल पेटवलं. शेळी कोणी नेली ते सगळ्यांना म्हाईत हाय, नाव कोणी घेत न्हाई. चांदणी सिमेंटनं बुजवली. अन् त्याच सांजेला डोंगरावर परत दोन उजेड आले. पोरं काठ्या टेकून बघत राह्यली. थोरला म्हणाला, "तिचीच माणसं. तिला हुडकून राह्यलेत."

पुढं एका चतुर्थीला मी राजूरला गेल्ते. गणपतीच्या रस्त्यावर ती दुर्वा विकत बसल्ती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, वाळक्या शेंगेसारखा वाकडा. डाव्या हातानं अन् दातानं जुडी बांधत होती. मी तिच्यासमोर बसले. कितीतरी दिवस मनात घोकून ठेवलेलं होतं, तोंडातून निघालं भलतंच. "वळखलं का?"

"वळखलं की."

"हात कसा हाय?"

"हाय तसाच हाय." जुडीची गाठ आवळून तिनं विचारलं, "उजेड थांबले का तुमच्या गावातले?"

"न्हाई. अजून येतेत."

"मंग आता कोणाला धरलं?"

टोमणा न्हाई, काही न्हाई. पाऊस झाला का तिकडं, असं विचारावं तसं विचारलं. मी म्हणाले, "कोणालाच न्हाई." ती मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाला जुडी द्यायला लागली. एकदाही आक्का म्हणाली न्हाई.

घरी आले. थोरला ओसरीवर जेवत होता. म्हणाला, "झालं का दर्शन?" मी म्हणाले, "झालं," अन् त्याला आणखी एक भाकर वाढली. पायरीला टाकी मारायला मीच सांगितलं होतं, हे त्याला अजून सांगितलेलं न्हाई. इथं लिहिलं, कारण माझं लिहिलेलं घरात कोणी वाचत न्हाई.